जिंकलेली फायनल

सीरियातल्या होम्समध्ये पावाच्या रांगेत अबू रातिब आणि अबू हिशाम हे दोन जुने शेजारी माझ्यापुढे उभे होते. अबू रातिब सांगत होता.

"उद्या जर्मनीहून नात येतेय. फोनवर विचारत होती, आजोबा, तुमच्या अल-करामा फुटबॉल क्लबनं काय जिंकलंय?"

"मग?"

"म्हटलं, आशियाची फायनल. आपल्याच मैदानात कोरियावाल्यांना दोन-एकनं लोळवलं."

"आणि त्याआधी फायनलचा पहिला सामना तिकडे कोरियात खेळून दोन-शून्यनं हरून आलो, ते? बेरजेत तेच जिंकले ना!"

"ते तिनं विचारलं नाही."

"वा! फायनल जिंकून कप हरणारे आपण होम्सवालेच."

"आता तिला कप बघायचाय."

"हरलो म्हणून सांग की सरळ."

"सांगेन रे. पण त्या दिवशी दुसऱ्या गोलला तिचा बाप माझ्या खांद्यावर चढून नाचला होता. चांगला अठरा वर्षांचा घोडा! खांदा अजून दुखतो. युद्धात तो गेला तेव्हा ही पाळण्यात होती. तिला त्याचं काय दाखवू? घरसुद्धा उरलं नाही."

"मैदान आहे ना. तो उभा राहायचा ती पायरी दाखव."

"आता कुठली सापडायला?"

"मला सापडेल. मागच्या पायरीवरून 'खाली बस, गाढवा' म्हणून मीच ओरडायचो त्याच्यावर."