मागची सीट

ट्रस्टच्या कार्यालयाबाहेर देणगीसाठी अर्ज घेऊन बसलेल्या शिक्षिकेला शेजारच्या बाकावरच्या म्हाताऱ्या जोडप्याचं बोलणं ऐकू येत होतं.

“अहो, आत गेल्यावर आधी सांगा, हे जुनं लढाऊ विमान आहे. जगात अशी दोनच उरलीत.”

“सांगतो गं. इंजिनापुरते पैसे मिळाले की उडालंच समज.”

“आणि पडणार नाही कशावरून, असं विचारलं तर?”

“सांगेन, आम्हा जुनी विमानं दुरुस्त करणाऱ्यांत रीतच आहे. ज्याच्या हातचं काम, त्यानेच पहिल्या उड्डाणात मागच्या सीटवर बसायचं.”

“म्हणजे तुम्ही बसणार!”

“मी नुसते नटबोल्ट आवळले. पंखांचं कापड कोणी शिवलं? एकोणीसशे टाके, एकही वाकडा नाही. अर्जात मागच्या सीटसाठी तुझंच नाव लिहिलंय.”

“अगं बाई!”

“घाबरलीस?”

“घाबरतेय कशाला? माझी शिवण आहे ती. द्या ती फाइल इकडे, आत मीच बोलते.”