गळालेली ओळ

अतिदक्षता विभागाबाहेरच्या बाकावर नवऱ्याची फाइल घेऊन बसलेल्या बाईच्या कानावर शेजारच्या म्हाताऱ्या सरांचं आणि त्यांच्या विद्यार्थिनीचं बोलणं पडत होतं.

“सर, घोटभर चहा घ्या.”

“नको गं. ते बायबलमधलं, अंधारात संपणारं हिब्रू स्तोत्र आठवतं?”

“हो. गाऱ्हाण्याचं स्तोत्र शेवटी स्तुतीकडे वळतंच, म्हणायचात तुम्ही. याची शेवटची ओळ पोथीची नक्कल करणाऱ्याकडून गळली असणार.”

“तीस वर्षं तोंड वर करून तेच शिकवलं मी.”

“ते राहू द्या. आतून काही कळलं?”

“तू चहा आणायला गेलीस, तेव्हाच डॉक्टरांनी प्रयत्न थांबवले. गेली माझी पोर.”

“सर!”

“वहीत दुरुस्त करून घे. ओळबीळ काही गळलेली नाही. ते रचणाऱ्या माणसाकडे पुढं म्हणायला काही उरलंच नव्हतं.”