मनोहरकाकांची नोटीस

सुधाकाकू, आणि जमलेल्या सगळ्यांनो,

कामाच्या दिवशी तुम्ही सगळे फ्रिस्कोच्या या हॉलमध्ये काकांच्या शोकसभेला आलात, आणि मला बोलायला उभं केलंत. घरून पाठ करून आले होते, ते सगळं विसरलेय. तेव्हा मनोहरकाकांबद्दल मला गेली तीन वर्षं जे कोडं पडलंय, तेच सांगते.

काकांचं फरशी-विटांचं दुकान तुम्हाला माहीत आहे. माझ्या डेकेअरची इमारत बांधली तेव्हा फरशी त्यांचीच होती. म्हणजे त्यांनी ती माझ्या कॉन्ट्रॅक्टरला पुरवली. मी पैसे कॉन्ट्रॅक्टरला देणार, तो काकांना देणार. तो देत नव्हता. मला काय माहीत?

आणि एक दिवस सर्टिफाइड मेलनं काकांची नोटीस आली. माझ्या नावावर! अहो, आदल्याच आठवड्यात गणपतीत आम्ही शेजारी बसून जेवलो होतो. नोटीस म्हणजे कोर्ट, नोटीस म्हणजे भांडण, एवढंच आपल्याला घरून ठाऊक. मी ती न वाचता ड्रॉवरमध्ये टाकली. वर फणकाऱ्यानं कॉन्ट्रॅक्टरला शेवटचा चेकही देऊन टाकला. त्यानं तो वटवला आणि गायब झाला.

वाचली असती तर? त्यात साधं लिहिलं होतं, की मालाचे पैसे मिळालेले नाहीत, तेवढे कॉन्ट्रॅक्टरला देऊ नका. टेक्ससचा नियमच तसा आहे. माल जूनमध्ये उतरला, तर नोटीस पंधरा सप्टेंबरच्या आत जायला हवी. तरीही पैसे आले नाहीत, तर पंधरा ऑक्टोबरच्या आत काउंटीच्या कचेरीत लीन नोंदवायचा, म्हणजे त्या इमारतीवर आपला हक्क लावायचा. तारीख चुकली की हक्क गेला.

काकांनी फोन केला. म्हणाले, "नेहा, मी लीन लावतोय. आधी तुला सांगतोय."

मी म्हटलं, "काका, आपल्या माणसावर?"

"अगं, चार ड्रायव्हर आहेत माझ्याकडे. त्यांना काय सांगू?"

मी फोन आपटला.

लीन लागला. आणि त्याच शनिवारी हा माणूस बादली आणि सांधे भरायचं ग्राउट घेऊन माझ्या दारात! कॉन्ट्रॅक्टरनं फरशीचे सांधे अर्धवट सोडले होते. "मुलं रांगणार इथे," एवढंच म्हणाले, आणि गुडघे टेकून कामाला लागले. आता सांगा, या माणसाला समजायचं कसं? परवा माझ्यावर लीन लावला, आज माझी फरशी पुसतोय. रागानं केलं? दयेनं केलं? मी दारात उभी राहून बघत होते. चहासुद्धा विचारला नाही.

माझी मुलगी, नऊ वर्षांची, कानाशी येऊन म्हणाली, "आई, आर वी स्टिल मॅड ॲट हिम?"

मी म्हटलं, "गो डू युअर होमवर्क."

त्यांचे पैसे मी हप्त्यांनी दिले. पोस्टानं पाठवायचे, समोर जायचे नाही. शेवटचा हप्ता पोचला तसा काकांनी स्वतः काउंटीत जाऊन लीन उठवला. त्याचा कागद मला आला. मी फोन केला नाही.

काल सुधाकाकूंकडे गेले होते. धीर करून विचारलं, "काकू, काकांचा माझ्यावर राग होता का?"

काकू म्हणाल्या, "त्यांचा? अगं, तुझ्या डेकेअरवरून जाताना गाडी हळू करायचे. मी म्हणायचे, जा की आत. तर मलाच विचारायचे, नेहाचा राग गेला असेल का गं?"

काका, गेला होता. फरशी कोरडी व्हायच्या आत गेला होता. मीच सांगितलं नाही. काका, चुकले मी.

आता माझ्याच्यानं पुढे बोलवत नाही. सगळे उभे राहूया का? दोन मिनिटं, काकांसाठी, शांत.