पालेगावची पाइपलाइन नेमकी कुठे होती

मी अंबरनाथला ओव्हरसिअर होतो ना, तेव्हाची गोष्ट. स्वातंत्र्य मिळून पाच-सहा वर्षं झाली असतील. पाण्याची मोठी पाइपलाइन जमिनीखालून गेली होती. तिच्यावर घर बांधू द्यायचं नाही, फक्त रस्ता करायचा, असं बांधकामाची परवानगी देणाऱ्या कमिटीने ठरवलं होतं.

पालेगावच्या सखूबाईंनी घरासाठी अर्ज केला. नकाशात पाइप नेमका त्यांच्या जागेखाली दाखवलेला. जागा तेवढी एकच, आणि राहतं झोपडं तर पार कललेलं. परवानगी मिळणार नाही, हे सांगायला मीच गेलो.

त्या म्हणाल्या, "नळ हिकरं नाय. तो त्या बांधाखाली हाय."

"अहो बाई, सरकारी नकाशा आहे हा!"

"मग खनून बगा."

मलाही राहवेना. दोन माणसं लावून आधी त्यांच्या जागेत खणलं. पुरुषभर खोल गेलो तरी नुसता मुरूम. मग बांधापाशी खणलं, तर कमरेइतक्या खोलीवर पहार ठणकन वाजली. पाइप!

तिथेच बसून मी अर्जावर शेरा लिहिला, 'घरास हरकत नाही, रस्ता बांधाकडून न्यावा.' पण डोक्यातून काही जाईना. शेवटी विचारलं, "बाई, तुम्हाला कळलं तरी कसं?"

"या चराची माती मीच वाहिली, नवी नवरी व्हते तवां," त्या म्हणाल्या. "तुमचा साहेब नकाशा काढाया आला, तवां आमी चर बुजवून घरा गेलो व्हतो."