शंभरावा रोलर कोस्टर

नाही, हसू नका! आधी मला एक सांगा, माणूस गाडीत बसतो तेव्हा आपण कशात बसलोय हे त्याला कळतं की नाही? कळतं ना? मला बसमध्ये कळतं, बोटीत कळतं, आमच्या मेव्हण्याच्या ट्रकमध्ये तर पाठीच्या मणक्यालासुद्धा कळतं! आणि एकतीस वर्षं रोलर कोस्टरपायी वेडा झालेला मी, मर्व्ह टोलहर्स्ट, निवृत्त प्लंबर, आमच्या रोलर कोस्टर मंडळाचा चिटणीस... मला कळू नये? मग मी बसलो कशात?

तुम्हाला सांगतो, आमच्या मंडळात मोजणी असते. कुठल्याही कोस्टरमध्ये पहिल्यांदा बसलात की तो तुमच्या नावावर एक. मग पन्नासदा बसा, एक तो एकच. माझे झाले होते नव्याण्णव! आणि शंभरावा म्हणजे काय साधी गोष्ट वाटली? मंडळाच्या खोलीत लाकडी फळा आहे, त्यावर तुमचं नाव आणि तुमच्या शंभराव्या कोस्टरचं नाव सोनेरी रंगात लिहितात. कायमचं. नेरंगच्या मागच्या डोंगरात नवं पार्क होणार, त्यात 'डिंगो' नावाचा कोस्टर, साठ मीटरवरून सरळ खाली, हे कळल्यावर मी म्हटलं, ठरलं! शंभरावा डिंगोच! त्यासाठी आठ महिने उपास धरला हो. ब्रिस्बेनच्या जत्रेत कोस्टर समोर फिरतोय, आणि मी आवंढे गिळत उभा!

आता आमची नोलीन. लग्नाला एकतीस वर्षं झाली, पण बाई एकदासुद्धा कोस्टरमध्ये बसलेली नाही. "मला उलटी होईल." झालं, विषय संपला. मी वर किंचाळतोय, ती खाली बाकावर माझी टोपी, चष्मा, पाण्याची बाटली मांडीवर घेऊन विणतेय. नव्याण्णव कोस्टर, नव्याण्णव बाक! पण शंभराव्यासाठी तिनंच पांढरा शर्ट शिवला, पोटावर हा एवढा मोठ्ठा १००.

उद्घाटनाचा दिवस उजाडला. आमच्या ऑस्ट्रेलियातलं जानेवारीचं ऊन, नुसतं भाजून काढणारं. पार्किंग डोंगरावर, फाटक खाली दरीत, आणि मधे रुळांवरून जाणारी एक हिरवी गाडी, आठ बाकांची, म्हाताऱ्यांना, बाबागाड्यांना खाली सोडणारी. बसलो. उलट्या तोंडाचा बाक मिळाला. हातात सॉसेज रोल. टक टक टक करत थोडी वर गेली आणि मग निघाली आपली रमतगमत. नोलीन म्हणते, "मर्व्ह, चादरी दोरीवरच राहिल्या."

"राहू देत."

"पाऊस आला तर?"

"नाही येत."

"तू काय वेधशाळेत आहेस?"

एवढ्यात गाडीनं एक गचका दिला, सॉस शर्टावर, मधल्या शून्यात बरोब्बर. ते पुसेपर्यंत आलं फाटक. संपला प्रवास. मला एवढंच आठवतं. चादरी आणि सॉस!

फाटकाशी मंडळाचे बावीस जण, फलक, केक, टाळ्या! आणि आमचा अध्यक्ष क्लाइव्ह पिंडर, लालबुंद, घामानं निथळत. म्हणतो, "मर्व्ह, मित्रा, खाली कसा आलास रे?"

"गाडीनं."

"कुठल्या?"

"ती काय, हिरवी."

"अरेरे..."

काय तो अरेरे! मधात बुडवून काढलेला! आणि खिशातून काढलं मंडळाच्या नियमांचं पुस्तक. "कलम सात वाच. तुझंच अक्षर आहे."

माझंच होतं हो! तीन वर्षांपूर्वी या क्लाइव्हनं जत्रेतली मोटरवर चालणारी अळीची गाडी मोजणीत घुसवली, तेव्हा ती उडवायला मीच ते कलम लिहिलं: गाडीखाली रूळ असायला हवेत, साखळीनं वर ओढलेली हवी, इंजिन नको, उतारावर आपल्याच वजनानं धावायला हवी. वेग, उंची, बसणाऱ्याचं मत, कशाचाही संबंध नाही! काय रुबाबात लिहिलं होतं! आणि आता बावीस जण त्या हिरव्या गाडीखाली वाकून बघतायत.

"साखळी आहे का?"

"आहे."

"इंजिन?"

"कुठे दिसत नाही."

मी ओरडलो, "अरे, पण ही पार्किंगची गाडी आहे! कोणी किंचाळत नाही हिच्यात! आजीबाई झोपल्या होत्या शेजारी!"

"कलमात किंचाळणं लिहिलंय का, मर्व्ह?"

नाही लिहिलेलं! मग मी बसलो कशात? गाडीत? कोस्टरमध्ये? माझा शंभरावा होऊन गेला, आणि मी चादरींवर बोलत होतो?

"आणि तू रे?" मी विचारलं. क्लाइव्ह कपाळ पुसत म्हणाला, "मी चालत आलो बाबा. दोनशे बारा पायऱ्या. फोन करणार होतो तुला, पण डोंगरात रेंज नाही." हसतोय मेला! करायला गेलो गणपती आणि झाला मारुती, दुसरं काय?

पण खरी गंमत पुढेच. नोलीन एकदम म्हणाली, "थांबा. म्हणजे मीसुद्धा कोस्टरमध्ये बसले?"

"कलमानुसार तुझा पहिला, नोलीन!" क्लाइव्हनं टोपी काढली.

"आणि मला काही झालं नाही?" माझ्याकडे वळली. "हे एवढंच असतं? यासाठी एकतीस वर्षं मी तुझी टोपी धरून बसले?"

"अगं, हा खरा कोस्टर नव्हे—"

"कलम सात, मर्व्ह!"

आणि विणकामाची पिशवी माझ्या हातात! निघाली डिंगोकडे. मागोमाग मंडळ. "मर्व्ह, तुझी शंभरी झालीच आहे, जरा टोप्या धर." बावीस टोप्या, बावीस चष्मे, केक, आणि खाली बाकावर मी! मला राग आला होता, खोटं कशाला बोलू, रडूसुद्धा आलं होतं. म्हटलं, जा, मी पुढच्या फेरीला येतो. वरून नोलीनची किंकाळी ऐकू आली. मी घाबरून उभा राहिलो. ती खाली आली ती केस पिंजारलेले, डोळे चमकतायत, वीस वर्षांची दिसतेय! म्हणाली, "पुन्हा!" चार वेळा बसली! पाचव्यांदा मी म्हटलं, आता मी. टोप्या बाकावर ठेवल्या, रांगेत उभा राहिलो, माझा नंबर आला... आणि कडाड्! वीज! वीज पडली की कोस्टर बंद. हिरवी गाडीसुद्धा बंद, तीही कोस्टरच ना! दोनशे बारा पायऱ्या, भर पावसात, बावीस टोप्या घेऊन. घरी चादरी भिजलेल्या.

आता फळ्यावर सोनेरी अक्षरात आहे: 'मर्व्ह टोलहर्स्ट, शंभरावा, पार्किंगची गाडी.' त्याखाली नोलीनची नवी पाटी, 'दोन'. पुढच्या रविवारी तिला तिसरा हवाय. आणि लोक मला अजून विचारतात, "काय मर्व्ह, नव्या पार्कात दिवसभर कशात बसलास?"

कशात नाही हो. बाकावर.