एकास आठ की एकास बारा?

—नाही हो वन्सं, तुम्ही नीटच ऐकलंत, रायफलच म्हणाले मी. बसा. बसा तर खरं, पोहे गार होतायत. अनिशनं रीडिंगहून तुम्हाला फोन केला ना — आत्या, आई लीड्सच्या घरात एकटी पडलीय, भिंतींशी बोलत असेल, तूच येऊन तिला पुण्याला घेऊन जा — आणि तुम्ही बिचाऱ्या एवढ्या थंडीत आलात. आता बघा माझ्याकडे. दिसते मी भिंतींशी बोलणारी? अहो, मला वेळ कुठाय! आज दुपारपर्यंत दुकानदाराला कळवायचंय, एकास आठ की एकास बारा, आणि माझं काही केल्या ठरत नाहीये. हसू नका. लग्नाचा शालू घेतानासुद्धा एवढी उलघाल नव्हती झाली माझी, तो तर तुमच्या आईंनीच पसंत केला होता, मला कुणी विचारलं होतं?

कशाला म्हणजे? कोल्ह्यांसाठी! इथं शहरात नाही हो, ऑटलीच्या पुढं, वर टेकडीवर, मिस्टर हॉर्सफॉलांच्या फार्मवर. मी गुलाबांना शेणखत आणायला जायची तिकडं, हे गेल्यानंतर बागेतच जीव रमवायचा म्हणून — तर एक दिवस बघते, हा एवढा मोठा माणूस कुंपणापाशी उभा, हातात कोकरू, नुकतं जन्मलेलं, आणि मागचा अर्धा भाग नाहीच. कोल्ह्यानं नेलेला. आणि मिस्टर हॉर्सफॉलांच्या उजव्या डोळ्यात मोतीबिंदू, नेम धरायचा तोच डोळा, ऑपरेशनची तारीख काही येत नाही. मी म्हटलं, द्या इकडे, मी तीस वर्षं हॉस्पिटलच्या लॅबमध्ये मायक्रोस्कोपला डोळा लावून काढलीत, माझा हात हलत नाही. नुसतं बोलून गेले हो! तर त्यांनी खरंच एअर रायफल हातात दिली, आणि मी भिंतीवरचा डबा पहिल्या फटक्यात पाडला. पहिल्या! त्या दिवशी मी गाडीत गाणी म्हणत घरी आले, शेणखत तिकडंच विसरून.

पाप? लागू दे की. मांस मी अजून तोंडात घालत नाही, पण कोकरू गेलं की मेंढी दोन दोन दिवस ओरडते, ते ऐकलंयत तुम्ही? बरं ते जाऊ दे, कॅलिबरचं ऐका. कॅलिबर म्हणजे नळीचं भोक केवढं ते. टू-फोर-थ्री घ्यावी तर ती हरणासाठीसुद्धा चालते, पण खांद्याला असा दणका देते की दुसऱ्या दिवशी पोळ्या लाटता येणार नाहीत. ट्वेंटी-टू-टू-फिफ्टी मिस्टर हॉर्सफॉलांची आहे, वेग काय विचारता, पण आवाज पार खालच्या गावापर्यंत, आणि नळी लवकर झिजते. टू-ओ-फोर म्हणून एक नवीनच निघालीय अमेरिकेत, सगळे तिच्यामागे वेडे, पण नव्याची नवलाई, गोळ्या मिळतील न मिळतील. मग राहिली टू-टू-थ्री — गुणाची पोर! दणका नाही, गोळ्या कुठंही मिळतात, दोनशे यार्डांवरच्या कोल्ह्याला भरपूर होते. तीच लिहिली अर्जात. इथं आधी पोलिसांना सांगावं लागतं हां कुठलं कॅलिबर, मागून मन बदललं की पुन्हा नवा अर्ज.

पण ट्विस्ट! ट्विस्ट ज्याच्या त्याच्या मर्जीचा, आणि तिथंच माझं घोडं अडलंय. नळीला आतून पीळ असतो वन्सं, त्यातून गोळी फिरत बाहेर पडते, म्हणून सरळ जाते. लहानपणचा भोवरा आठवा, फिरतोय तोवर उभा. तर एकास आठ म्हणजे आठ इंचांत एक गिरकी, एकास बारा म्हणजे बारा इंचांत. लांब, जड गोळीला जास्त गिरक्या लागतात, आखूड, हलकीला कमी. दुकानदार म्हणतो, आठच घ्या मॅडम, टेकडीवर वारा असतो, उद्या जड गोळ्या वापराव्याशा वाटतील, बाराच्या नळीतून त्या सरळ जायच्या नाहीत. रॉय म्हणतो, उद्याचं उद्या, कोल्ह्याला हलकीच बरी, आणि फार गरगरवली तर पातळ सालीची गोळी हवेतच फुटायची, तू आपली बारा घे शॅम—

शॅम म्हणजे मी हो, श्यामला त्याला म्हणता येत नाही. रॉय म्हणजे... अहो तेच ते, मिस्टर हॉर्सफॉल.

काय सांगत होते — हां, उद्याचं उद्या. मला ते एकदम पटलं बघा. आम्ही दोघांनी आयुष्यभर सगळं उद्यासाठी घेऊन ठेवलं. कोथरूडचा फ्लॅट रिटायरमेंटला, चांगला डिनर सेट पाहुण्यांना, आणि तुमचा भाऊ रिटायर व्हायच्या आधीच गेला. मी ना, बाराच घेते. ठरलं! बघा, तुमच्याशी बोलता बोलता ठरलं, किती हलकं वाटतंय मला, आणखी पोहे घ्या — नाही, पोलिसांची गंमत ऐका आधी, मग घ्या. इथं रायफल ठेवायला लोखंडी कपाट लागतं, भिंतीत बोल्ट ठोकून बसवलेलं, आणि ते बघायला पोलिसांचा माणूस घरी येतो. तो कधी यावा? नेमका खंडेनवमीला! आणि मी सकाळीच रीतसर कपाटाची पूजा केलेली, रायफल नव्हती अजून तर काय झालं, कपाट तर होतं — हळदकुंकू वाहिलं, नारळ फोडला, पाणी जरा जास्तच उडालं आणि कुंकू असं दारावरून ओघळत पार खालपर्यंत. तो माणूस आत आला आणि जागच्या जागी थिजला! मॅडम, हे रक्त कुणाचं? आणि रॉय खुर्चीत बसून हसतोय, हसतोय, डोळ्यांतून पाणी. मग कुंकवाची डबी दाखवली, खोबरं दिलं खायला, तेव्हा कुठं तो खाली बसला. तर म्हणतो, किल्ली कुठं ठेवता? तुमच्याशिवाय दुसऱ्या कुणालाही ठाऊक असता कामा नये. मी म्हटलं, देवांच्या मागं ठेवते, फक्त बाळकृष्णाला ठाऊक आहे. तर विचारतो कसा, हे कृष्णा गृहस्थ इथंच राहतात का? मी म्हटलं, हो तर, आम्ही तिघंही इथंच—

काय झालं?

कपाट ना... कपाट इथं नाहीये. ते जिथं आपण राहतो तिथंच बसवावं लागतं, कायदाच तसा आहे, मग मी... अहो, तिकडं कशाला बघताय? त्या कोनाड्यात समई आहे की. समईच आहे फक्त, हो. देव नाहीयेत.

तिकडं आहेत. रॉयच्या किचनमध्ये, शेगडीच्या वरच्या फळीवर, ऊब असते तिथं. सगळे नेले — टाक, अन्नपूर्णा, तुमच्या आईंचा बाळकृष्ण. मी सांगणारच होते वन्सं, तुम्ही आल्या दिवसापासून सांगणार होते, पण तुमची बॅग उघडली आणि त्यातून माझ्यासाठी कोथरूडच्या फ्लॅटच्या किल्ल्या निघाल्या, मग मला धीरच होईना. आता सांगते. मी नाही येत पुण्याला. मला तो माणूस आवडतो. एकसष्टाव्या वर्षी सकाळी उठल्याबरोबर हसू येतं मला, काय करू? अनिशला ठाऊक नाही. तुम्हीच पहिल्या. रागवा, काय बोलायचं ते बोला.

काय? — पूजा?

हो, मी तर तुम्ही आल्यापासून इथंच आहे तुमच्याजवळ. मग तिकडं पूजा... रॉय करतो. रोज फोन करून सांगतो मला, झाली म्हणून. आंघोळ करून करतो वन्सं. आंघोळीचं मी त्याला सांगितलं नव्हतं.

वन्सं? अहो... रडताय कशाला?