लिंबच्या विहिरीपर्यंतची परीक्षा

तुम्ही हसणार हे धरूनच सांगते. आमच्या नऊ वर्षांच्या सईला शाळेत एकटीनं सायकलवर जायचं होतं. मी अट घातली, आधी माझ्या सायकलीमागून लिंब गावच्या बारा मोटांच्या विहिरीपर्यंत नीट सायकल चालवून दाखव. मनात म्हटलं, निम्म्यात दमेल आणि माझी सुटका होईल. तरी पिशवीत मलम, पट्ट्या, शिट्टी असं सगळं तिच्यासाठी घेतलंच.

लिंबच्या अलीकडे ट्रॉलीतून पडलेले ऊस रस्त्यावर पसरले होते. "सई, ऊस बघ," असं मागं वळून सांगताना मीच त्यांच्यावरून घसरून पडले.

बांधावर बसलेल्या आजी म्हणाल्या, "आवं बाई, पोरगी बेस चालवतीया. तुमी म्होरं बघा की."

सईनं सायकल स्टँडवर लावली. मागून येणारं कुणी पडू नये म्हणून आधी सगळे ऊस कडेला टाकले. मग माझ्याच पिशवीतली पट्टी माझ्या गुडघ्याला लावली आणि सायकल चालवत विहिरीपर्यंत गेलीही. तिथल्या पायऱ्या उतरताना माझा हात धरून म्हणाली, "भिंतीच्या कडेनं ये, आई. घाई नको." अगदी माझ्याच सुरात.

मी लंगडत होते, पण काय ऐटीत लंगडत होते म्हणून सांगू.

आता ती शाळेत एकटी जाते. मी भाजीला जायला सायकल काढली, की मात्र चप्पल घालून दारात हजर.

"थांब, मी येते. तुला एकटीला सोडवत नाही."